आणि, किंवा, वगैरे

२१ ऑक्टोबर २०१९ हा सोमवार होता. विधानसभेच्या मतदानाची सुटी शनिवार-रविवारला जोडून आली होती आणि आम्ही घरी बसून प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. आमचे नाव तेव्हा आम्ही राहतो त्या शहराच्या मतदारयादीत नव्हते. ते सांगोला तालुक्यातील आमच्या गावीच होते. पंचवीस वर्षे नोकरी एका गावी आणि मत दुसऱ्या गावी, हे नियमाला धरून नाही हे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्या यादीत वडिलांच्या पाठोपाठ आपले नाव असावे, यात एक हळवे सुख होते. पहाटेच्या एसटीने जावे असा विचार आदल्या रात्री केला होता. सकाळी आभाळ भरून आले होते, प्रवास पाच तासांचा, गठ्ठ्यात साठेक उत्तरपत्रिका शिल्लक. शिवाय सांगोल्याचा निकाल काय लागणार हे जणू ठरलेलेच होते. १९६२ सालापासून दोन अपवाद सोडले तर तो तसाच लागत आला होता. आम्ही गेलो नाही.

गुरुवारी मतमोजणी झाली. शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार ७६८ मतांनी पडला.

७६८ मधून एक वजा केला तर ७६७ उरतात, निकाल बदलत नाही, हे गणित आम्ही त्या संध्याकाळी स्वतःला अनेकदा करून दाखवले. मग घरातील मते मोजली: आम्ही, पत्नी, पुण्यातील धाकटा भाऊ, भावजय. चार. मग गल्लीतील बाहेरगावी गेलेली घरे मोजू लागलो आणि तिथे मात्र थांबलो. रात्री गावी दूरध्वनी केला. पक्षाचे एक जुने कार्यकर्ते आमच्या शेजारी राहतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. निकालाबद्दल आम्ही बरेच काही बोललो. नेतृत्वाची दुसरी फळी, बदललेली राजकीय संस्कृती, असे शब्द वापरले. तात्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमचं बोलणं आम्हाला कायमच आवडतं. पण परवा बोलणं नको होतं. बोट पाहिजे होतं."

या लेखात जे लिहितो आहोत ते त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आमचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना पक्षाचे सभासद होता येत नव्हते. ते मनाने होते. भिंतीवर लाल रंगात काढलेला खटारा हे पक्षाचे चिन्ह आमच्या लहानपणी गावात जागोजाग दिसे, आणि वडील समास शिकवताना पक्षाचेच नाव फळ्यावर लिहीत. शेतकरी कामगार पक्ष. "आधी आतला समास सोडवा," ते म्हणत. "शेतकरी आणि कामगार. दोन्ही पदे प्रधान, म्हणून द्वंद्व. 'आणि'ने विग्रह होतो म्हणून इतरेतर द्वंद्व. रामलक्ष्मणासारखा." मग वैकल्पिक द्वंद्व यायचा: बरेवाईट, म्हणजे बरे किंवा वाईट. शेवटी समाहार द्वंद्व: मीठभाकर, म्हणजे मीठ, भाकर वगैरे. एखादा चौकस मुलगा विचारी की, गुरुजी, समास जोडून लिहायचा असतो ना, मग पक्ष तो तोडून का लिहितो? वडील हसून म्हणत, "ते त्यांनाच विचार."

पुढे आम्ही स्वतः समास शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, त्या तीन शब्दांत एका पक्षाचा जवळजवळ सगळा इतिहास मावतो. 'आणि', 'किंवा', 'वगैरे'.

'आणि'पासून आरंभ करू. हा पक्ष १९४७ साली काँग्रेसच्या आतच एक गट म्हणून जन्मला आणि १९४८ साली बाहेर पडला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्यातली अग्रगण्य नावे. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेला बहुजन समाजाचा जोम आणि मार्क्सवादी विचार यांची सांगड घालावी, अशी ही कल्पना होती. तिला कोकणात आधीच एक भक्कम पाया मिळालेला होता. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध कुळांनी १९३३ ते १९३९ असा संप केला होता. जमीन कसायचीच नाही, हा संप! डॉ. आंबेडकरांनी त्याच काळात, १९३७ साली, मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. पुढे हा सगळा प्रदेश शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला झाला. कसणारा आणि राबणारा एकाच वाक्याचे कर्ते असू शकतात, हे चरीने दाखवले होते.

परंतु द्वंद्वात दोन्ही पदांना समान वजन लागते, आणि ते देणे व्याकरणात सोपे असले तरी संघटनेत कठीण असते. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारणारा प्रबंध मंजूर केला. आमच्या वडिलांच्या पेटीत त्याची एक पिवळी पडलेली प्रत होती. ती आम्ही महाविद्यालयात असताना प्रथम वाचली, आणि तिच्यातील नामांची गर्दी पाहून थक्क झालो. शेतकरी हा शब्द तिथे वर्ग म्हणून येतो. त्याच्या अंगाला माती लागलेली दिसत नाही. दाभाडीने प्रश्न सोडवला नाही, वाढवला. नाना पाटील, दत्ता देशमुख हे एका दिशेला गेले. जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले आणि मोरेही मागोमाग गेले. म्हणजे स्थापनेनंतर सात-आठ वर्षांच्या आत संस्थापकच पक्षात उरले नाहीत. 'विग्रह' या शब्दाचा एक अर्थ समासाची फोड, दुसरा भांडण. पक्षाने दोन्ही लवकर करून पाहिले.

निवडणुकीचे आकडे पाहू, कारण आम्हां साहित्यवाल्यांना ते टाळण्याची खोड असते. १९५२ साली मुंबई राज्याच्या ३१५ जागांपैकी पक्षाला १४ मिळाल्या. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक म्हणून लढताना ३१. हा पक्षाचा उच्चांक. ती मते भाषेच्या राज्यासाठी होती. पक्षाच्या कार्यक्रमाला त्यातली किती, हे १९६२ साली कळले. राज्य झाले होते, समिती विरली होती, आणि २६४ पैकी काँग्रेसला २१५ तर या पक्षाला १५ जागा मिळाल्या. १९६७ साली १९, १९७२ साली ७, १९७८ साली १३, १९८५ साली पुन्हा १३. मग ८, ६, ५. २००४ साली २. २००९ साली ४, २०१४ साली ३, २०१९ साली १.

तरीही दीर्घ काळ हाच महाराष्ट्रातील खरा विरोधी पक्ष होता. कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, गणपतराव देशमुख, दत्ता पाटील असे विधानसभेतील विरोधी पक्षनेते या एकाच लहानशा पक्षाने दिले. सरकारला अडवायचे कसे, अंदाजपत्रक वाचायचे कसे, प्रश्न विचारायचा कसा, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. अडचण अशी की, जो प्रश्न ते नेटाने विचारीत तो सुटला की त्याचे श्रेय उत्तर देणाऱ्याच्या खात्यात जमा होई.

'आणि'चा 'किंवा' कसा झाला, याचे मर्म आमच्या मते इथे आहे. पक्ष हरत गेला, कारण त्याच्या मागण्या फेटाळल्या गेल्या, असे आपण समजतो. आम्हांला वाटते की, पुष्कळदा तो हरला तो मागण्या मान्य झाल्यामुळे. कुळकायद्याने १९५७च्या १ एप्रिलला कसणाऱ्याला मालक मानले. कूळ मालक झाले की त्याला संघर्ष नको असतो; कर्ज, पाणी, उसाची नोंद हवी असते. त्या गोष्टी सोसायटीत, बँकेत, साखर कारखान्यात मिळत, आणि तिथे काँग्रेस होती. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने बहुजन समाजातील कर्तबगार तरुणांना दारे उघडली, आणि विरोधी पक्षांतील कित्येक माणसे त्यांतून आत गेली. त्यांना फितूर म्हणणे सोपे आहे. त्यांच्या गावाला बंधारा हवा होता, हे सांगायला आपण विसरतो.

रायगडमध्ये हेच अधिक तीव्रतेने घडले. नवी मुंबईसाठी संपादित केलेल्या जमिनींचा योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला. पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले. देशातील भूसंपादनाच्या इतिहासात हा मोठा विजय होय. परंतु विकसित भूखंड हातात आला की भाताचे खाचर गेलेले असते. बापाने लाठी खाल्ली. मुलगा भूखंडाचा धनी झाला, मग बांधकामाचा, वाहतुकीचा, कामगार पुरवण्याचा ठेकेदार झाला. त्याच्या दृष्टीने 'शेतकरी' हे आजोबांचे विशेषण आणि 'कामगार' म्हणजे ज्याची हजेरी त्याने मांडायची तो. समासातील दोन्ही पदे एका घरात समोरासमोर उभी राहिली. शेतकरी किंवा कामगार. बरे किंवा वाईट.

राज्याच्या पातळीवरही ती दोन पदे पक्षाच्या हातून निसटत होती. १९८०च्या आसपास शेतमालाच्या भावाचा प्रश्न घेऊन शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली. तिने शेतकऱ्याला वर्गाच्या भाषेतून सोडवून घामाच्या दामाची भाषा दिली, आणि ती त्याला लगेच समजली. १९८२च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर संपलाच नाही, गिरण्याच संपल्या. शेतकरी एकीकडे, कामगार कुठेच नाही, आणि मध्ये पक्ष.

आता आमच्या तालुक्याकडे येतो, कारण तिथे मात्र पक्ष उरला. माणदेश म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्यास व्यंकटेश माडगूळकर आठवतात, 'बनगरवाडी' आठवते. तिथे दुष्काळ आभाळातून येतो आणि माणसांना उठवून लावतो. आम्ही ते वाङ्मय तीस वर्षे प्रेमाने शिकवले. गणपतराव देशमुखांनी त्याच मुलखाला दुसरे एक वाचन दिले: पाऊस पडत नाही ही निसर्गाची गोष्ट, पण कृष्णेचे पाणी कोणाच्या शेतात जाते ही राजकारणाची. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीला वर्षानुवर्षे भरलेल्या पाणी परिषदांतून तेरा दुष्काळी तालुक्यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी केली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईला तो युक्तिवाद समजत असे. सहकारी सूत गिरणी उभी राहिली, ती वेगळ्या तऱ्हेने चालवून दाखवली. १९६२पासून ते अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ साली पडले; १९७२च्या पराभवानंतर १९७४ची पोटनिवडणूक जिंकून परत आले. १९७८ आणि १९९९ अशा दोनच सरकारांत ते मंत्री होते. एरवी समोरच्या बाकांवर.

एक आकडा मात्र विचारात पाडतो. ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा पक्षाचे पंधरा आमदार होते. अकराव्यांदा निवडून आले तेव्हा तीन. नेता जसजसा मोठा झाला तसतसा पक्ष लहान होत गेला. याचा दोष त्यांच्या माथी मारावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आमच्या गावातले एक भाषिक परिवर्तन आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. या पक्षात एकमेकांना 'भाई' म्हणण्याची रीत आहे. भाई उद्धवराव पाटील, भाई केशवराव धोंडगे, भाई एन. डी. पाटील. आमच्या लहानपणी वडील 'भाई गणपतराव' म्हणत. पुढे सगळा तालुका 'आबासाहेब' म्हणू लागला. 'भाई'शी वाद घालता येतो, 'आबासाहेबां'च्या पाया पडायचे असते. प्रेमानेच झाले हे, त्यात खोट काही नव्हती. पण बरोबरीच्या माणसाचा वडीलधारा झाला, की त्याच्यामागून कोण, हा प्रश्न घरातला होतो. २०१९ साली वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली. रायगडमध्येही पक्षाची धुरा नारायण नागू पाटलांच्या घरात नातवापर्यंत आली. वतनदारीविरुद्ध लढून मोठ्या झालेल्या पक्षाला वारसाचा आधार घ्यावा लागला, ही टीका नव्हे. ही व्यथा आहे. दुसरी फळी तयार करायला सभा लागतात, अभ्यासवर्ग लागतात, हरण्याची तयारी असलेले तरुण लागतात. आमच्या गावातून तसे तरुण निघाले होते. त्यांतले आम्ही एक. आम्ही शिष्यवृत्ती घेऊन एम. ए. करायला गेलो आणि प्राध्यापक झालो.

२०१४ साली त्यांच्या अकराव्या विजयानंतर आम्ही एका लहान नियतकालिकात गणपतरावांवर लेख लिहिला. तो वाचकांना फार आवडला. आजही कोणी भेटले की आठवण काढतात. एसटीने प्रवास करणारा आमदार, स्वच्छ धोतर, स्वच्छ चारित्र्य, बदलत्या काळात एकाकी उभा असलेला दीपस्तंभ. वडील तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी चष्मा पुसून लेख दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "लेख छान उतरलाय. पण अरे, हा मृत्युलेख झाला. माणूस जिवंत आहे. उद्या सकाळी पाण्याच्या बैठकीला यायचाय."

आम्ही दुखावलो होतो. २०१९च्या त्या रात्री तात्यांशी बोलणे झाल्यावर तो लेख पुन्हा काढून वाचला. विद्यार्थ्याच्या निबंधावर लाल खुणा करावी तशा खुणा केल्या. एसटी सात वेळा आली होती. 'साधेपणा' अकरा वेळा. 'पाणी' दोन वेळा, आणि त्यांतले एक डोळ्यांतले. 'जमीन', 'मजुरी', 'वाटप' हे शब्द एकदाही नव्हते. पक्षाचे नाव एकदा, पहिल्या ओळीत, ओळखीपुरते. ज्या माणसाने साठ वर्षे एक विचार सांगितला त्याचा विचार वगळून आम्ही त्याचे कपडे वर्णिले होते. विरोधकांनी त्यांच्या राजकारणाचा पराभव करायचा प्रयत्न केला. आम्ही त्यांच्या राजकारणाची दखलच घेतली नाही, आणि त्याला गौरव म्हटले. 'विग्रह' शब्दाचा तिसरा अर्थ मूर्ती. तो आम्ही घडवला.

मराठी सुशिक्षितांचे पराभूतांवर मोठे प्रेम आहे. १९६७ साली आलेल्या 'मृत्युंजय'ने कर्णाला घराघरांत नेले, त्याचे कारण शिवाजी सावंतांच्या शैलीत जितके आहे तितकेच या आवडीत आहे. आपल्याला कर्ण आवडतो. पण कर्णाला कोणी राज्य देऊ करीत असल्याचा प्रसंग आपण भरभर वाचतो. जिंकलेला माणूस आपल्याला थोडा संशयास्पद वाटतो, हरलेला शुद्ध. एन. डी. पाटलांचे उदाहरण घ्या. अठरा वर्षे विधान परिषदेत, १९७८च्या सरकारात सहकारमंत्री, रयत शिक्षण संस्थेची दीर्घ सेवा, एन्‍रॉनपासून कोल्हापूरच्या टोलपर्यंतचे लढे. टोल तर हटवूनच दाखवला. त्यांचे व्याख्यान असले की सभागृह भरे, आणि आम्ही पहिल्या रांगेत असू. लोकांनी थेट मतदानाने त्यांना विधानसभेत पाठवले ते मात्र एकदाच, १९८५ साली. दि. बा. पाटलांचे नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. ती मागणी रास्तच होती. पण २०२४च्या विधानसभा निवडणुकीत अलिबाग, पेण, उरण, पनवेल या चारही ठिकाणी त्यांच्या मूळ पक्षाचे उमेदवार पडले. नाव हवे, पक्ष नको. आदर अमर्याद, मत दुसरीकडे. आदर हे मत न देण्याचे सर्वांत सभ्य रूप असू शकते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख पुन्हा मृत्युलेख होईल. पक्षानेही आदरावर भागवले. आपली भाषा कोणी ऐकत नाही, याचा अर्थ लोक बिघडले असा त्याने लावला. २०२२च्या जूनमध्ये सांगोल्याच्या त्या वेळच्या आमदारांचे गुवाहाटीहून केलेले दूरध्वनीवरचे बोलणे महाराष्ट्रभर गाजले: काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! आमच्या विभागात दिवसभर त्यावर हसणे चालले होते. सत्तांतराच्या त्या खेळात आमचा तालुका विनोद म्हणून प्रसिद्ध व्हावा, याचा आम्हांला संताप आला. पण राग ओसरल्यावर व्याकरण पाहिले. तीन नामे, तिन्ही डोळ्यांना दिसणारी. एकही भाववाचक नाही. आमच्या पक्षाच्या पत्रकात अलीकडे डोळ्यांना दिसणारे नाम शोधावे लागते. भिंतीवरचा खटारा एकेकाळी ते काम करीत असे. त्यात बसून बाजाराला गेलेला माणूस त्याच्यावर शिक्का मारीत असे. गावात खटारे राहिले नाहीत, आणि त्याच्या जागी काय काढायचे हे ना पक्षाला सुचले ना आमच्यासारख्या शब्दांच्या व्यापाऱ्यांना. आम्ही तर विचारही केला नाही. कोणी विचारलेही नाही, हे खरे. पण आम्ही गावात असतो तर विचारले असते.

राहिला 'वगैरे'. हल्ली आघाड्यांच्या बातम्यांत मोठ्या पक्षांची नावे येतात आणि शेवटी 'शेकाप आदी मित्रपक्ष' असे शब्द असतात. समाहार द्वंद्व. मीठ, भाकर वगैरे. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेच्या निवडणुकीत पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील मित्रपक्षांच्या भरवशावर उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगोल्यात आघाडीतील मित्रपक्षानेच आपला उमेदवार पक्षाविरुद्ध उभा केला. 'वगैरे'चे स्थान असे असते: बेरजेत धरतात, वाटणीत विसरतात.

आणि तरीही २३ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. राज्यभरात पक्षाला मिळालेली ती एकुलती एक जागा. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी गेले होते, एन. डी. १७ जानेवारी २०२२ रोजी; आमचे वडील त्यांच्याही आधी. निवडून आलेले डॉक्टर आबासाहेबांचे नातू आहेत, हे आम्ही वर लिहिलेल्या व्यथेत भरच घालते. पण मते देणारे नातू नव्हते. ते तेच होते, रांगेत उभे राहिलेले, बहुतेक आमचा तो लेख कधीही न वाचलेले.

त्या विजयात आमचे मत नाही. २०१९नंतर आम्हांला यादीतले ते हळवे सुख सोसेना, म्हणून रीतसर अर्ज करून नाव शहरात आणले. त्या वर्षी आमच्या मतदान केंद्रावरील यंत्रात शेतकरी कामगार पक्षाचे बटण नव्हते. आम्ही कोणते दाबले हे सांगायचे नसते. एवढे सांगतो की, बाहेर आल्यावर बोटावरची शाई पाहून तात्यांना दूरध्वनी केला, आणि या वेळी काहीच विश्लेषण केले नाही. तात्यांनी विचारले, "सर, तिकडं आपला कुणी नव्हता का?" नव्हता म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उभा करायचा असतो हो. आपोआप येत नाही."

गेल्या वर्षी प्रथम वर्षाला समास शिकवताना फळ्यावर पक्षाचे नाव लिहिले. साठ मुलांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. विग्रह करायला सांगितला, तर मागच्या बाकावरची एक मुलगी, ऊसतोड मजुराची, उभी राहून म्हणाली, "सर, शेतकरीच कामगार." आम्ही तिला सांगितले की, तसा विग्रह केला तर तो द्वंद्व राहत नाही, कर्मधारय होतो. ती म्हणाली, "पण आमच्याकडे तसंच आहे. वडील चार महिने शेतकरी, सहा महिने कामगार." वर्ग हसला. आम्ही खडू खाली ठेवला. दाभाडीपासून जो विग्रह भल्याभल्यांना साधला नाही तो तिने एका 'च'मध्ये केला होता. तिचे उत्तर चूक म्हणून खोडायचे की नाही, हे आम्ही अद्याप ठरवलेले नाही.